फाटकावरचा 'हू'

चार हातांपलीकडे माणूस उभा आहे की झाड, हे गोटीरामला कळत नसे. आणि नोकरी मात्र मिळाली होती पहारेकऱ्याची. चौसष्ट साली तुर्भ्याला नवा कारखाना उभा राहिला, मिठागरातलं काम सुटलं, आणि भरतीच्या घाईत त्याचे डोळे तपासायचं कोणाला सुचलं नाही. तीन महिने निभावले तर नोकरी कायम. बिंग फुटलं तर त्याच दिवशी घरी.

त्याला तारलं ते साहेबांनी शिकवलेल्या एका इंग्रजी शब्दानं.

"कोणीही आलं की विचारायचं, हू? म्हणजे कोण. नाव सांगितल्याशिवाय आत सोडायचं नाही."

हा शब्द गोटीरामला देवासारखा पावला. मराठीत 'कोण' म्हटलं असतं, तर गाववाल्यांनी डोळे फुटले का म्हणून विचारलं असतं. इंग्रजीत विचारलं की तेच लोक निमूट नाव सांगत. पोस्टमनला हू, फोरमनला हू, खुद्द साहेबांना हू. एकदा एका बोकडालाही दोनदा विचारून झालं, आणि तो नाव सांगेना म्हणून त्याला हाकलून दिलं. काय कडक माणूस मिळाला, म्हणून साहेब खूश होते.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गोटीराम भाकरी घरी विसरला. दुपारी त्याची बायको गोजरा ती घेऊन आली, तेव्हा साहेब नेमके फाटकाशीच उभे होते.

"हू?"

गोजरानं नाक मुरडलं. नवऱ्याचा हा तोरा तिला बिलकूल आवडला नाही.

"हू? नाव सांगा!" गोटीरामनं काठी आडवी धरली.

साहेब पुढे झाले. "बाई, कोणाकडे आलात? त्याचं नाव सांगा."

आता नवऱ्याचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं? तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला आणि कामगार जमले. त्यांना मजा वाटत होती, पण ती कोण ते कोणी सांगेना. शेवटी मागून एकजण म्हणाला, "उखान्यात घे गो."

गोजरानं पदर सावरला.

"खाडीच्या बांधाला चिंबोऱ्या धरल्या सात, गोटीरामांना बायको वळखू येत नाय भर उजेडात."

आवाज ओळखताच गोटीरामनं आडवी काठी खाली घेतली. नोकरी गेली, हे त्यानं मनाशी धरलंच.

"ही तुझी बायको?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"आणि तिलाही सोडलं नाहीस? शाबास. आजपासून तू कायम."

गोटीरामच्या जिवात जीव आला.

"पण अशी करडी नजर फाटकावर वाया जाते. उद्यापासून खाडीकडच्या मचाणावर बस. चोरट्या होड्या लांबूनच हेरायच्या."

गोटीरामनं समोर बघून कडक सलाम ठोकला आणि तसाच उभा राहिला. गोजरानं भाकरीचं फडकं त्याच्या दुसऱ्या हातात कोंबलं.

"हात खाली घ्या," ती म्हणाली. "सायेब कवाच गेलं."