कौतिक मास्तरांचा एकांतरा

कौतिक मास्तरांच्या पाठीतून पहिली शिरशिरी गेली तेव्हा पाहुणे नुकतेच सतरंजीवर टेकले होते. झालं, मास्तर मनाशी म्हणाले. एकांतरा ताप तो. एक दिवस येणार, एक दिवस सोडणार. बुधवारी येऊन गेला होता, म्हणजे शुक्रवारी येणार हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. पण धरणगावच्या लोटनआबांनी मुलगी पाहायला शुक्रवारच ठरवला आणि मास्तर नेहमीप्रमाणे 'बरं' म्हणाले. त्यांचं अर्धं आयुष्य 'बरं' म्हणण्यात गेलं होतं आणि उरलेलं अर्धं ते निस्तरण्यात.

मास्तर धुळ्याला मिशनच्या शाळेत शिकवत. एकुलती एक मुलगी प्रमिला, हुशार, कामसू, बोलायला कमी. तिची दोन स्थळं आधीच मोडली होती, आणि दोन्ही पवित्र आत्म्यावरून. हुंडा नाही, पत्रिका नाही, ख्रिस्ती माणसाचं लग्न किती सोपं, असं मास्तर पूर्वी शेजाऱ्यांना ऐकवत. आताशा ऐकवत नसत.

त्याचं कारण असं की मंडळीत दोन पक्ष पडले होते. एक भाषावाले. त्यांचं म्हणणं, आत्मा उतरला की माणूस अन्य भाषा बोलणारच. बोलला नाही तर उतरलाच नाही म्हणून समजा. दुसरे हातवाले. ते म्हणत, भाषा कसली, नुसती बडबड ती. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवावा आणि तो उठून बसावा, हे खरं दान. एका पक्षाच्या प्रार्थनेला दुसरा पक्ष 'आमेन' म्हणत नसे. एकमत होतं ते फक्त एका गोष्टीवर: औषध घेणं म्हणजे अविश्वास. धुळ्यात पावसाळा सरता सरता घरोघर माणसं कुडकुडत पडलेली, तरी एकमत कायम. जे पाद्रीसाहेब चार शहाणपणाच्या गोष्टी सांगू शकले असते, ते तंबू घेऊन साक्रीकडच्या खेड्यांत फिरत होते. असली माणसं नको तेव्हा हजर आणि हवी तेव्हा दौऱ्यावर असतात.

लोटनआबा धरणगावच्या कापसाच्या जिनात फिटर होते आणि भाषावाल्यांचा खांब होते. त्यांच्या बायकोला, झुंबरबाईला, दुसऱ्यानं बोललेल्या अन्य भाषेचा अर्थ सांगण्याचं दान होतं. मुलगा शांतवन धुळ्यालाच पोस्टात खिडकीवर बसे. मास्तरांच्या बाजूनं वडीलधारे म्हणून आले होते चुडामणभाऊ. धंदा शिंप्याचा, मंडळीच्या पंचांत मुख्य, आणि हातवाल्यांत पहिले. लग्नाआधी तीन रविवार मंडळीत नवरानवरीची नावं पुकारायची आणि कोणाची हरकत आहे का विचारायचं, असा रिवाज. आणि हा पुकार करणं भाऊंच्या मर्जीवर. म्हणजे आबा नाही म्हणाले तर नवरा गेला, भाऊ नाही म्हणाले तर लग्न गेलं. मास्तरांना दोघेही हवे होते.

आणि मास्तर दोन महिने चोरून कोयनेल, म्हणजे हिवतापाचं कडू औषध, घेत होते. कोयनेलच्या पुड्या सरकारनं पोस्टात विकायला ठेवल्या होत्या, पण त्या खिडकीत होणारा जावई. तो आबांना सांगणार, आबा धरणगावभर करणार. म्हणून मास्तरांची बायको इंदिराबाई शेजारच्या मोहनबाई मारवाडणीच्या हातून पुड्या आणवी. मोहनबाई महिनाभरासाठी माहेरी गेली, पुड्या संपल्या, ताप परत आला.

चहा झाला. प्रमिला खाली मान घालून बसली. इंदिराबाईनं सांगितलं की मुलगी शिवण शिकली आहे, पेटी वाजवते, स्वयंपाक सगळा येतो. आबांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"बेटा," ते म्हणाले, "तुले दान कोणतं भेटेल शे?"

प्रमिलानं आईकडे पाहिलं.

"दान म्हणजे भाषाच असं कोणी सांगितलं, आबा?" चुडामणभाऊ मध्येच म्हणाले. इथून पुढे मुलगी पाहण्याचा कार्यक्रम संपला. दोघांनी बायबलातून वचनामागून वचनं काढली, आवाज वाढले, चहाचे कप कोपऱ्यात सरकवले गेले. शांतवन खिडकीबाहेर पाहत बसला. या वयात माणसाला स्वतःच्याच लग्नात कोणी विचारत नाही, हे त्याला कळून चुकलं असावं.

तेवढ्यात मास्तरांचे दात वाजायला लागले. इंदिराबाईनं एक गोधडी टाकली, मग दुसरी, मग घोंगडी. थंडी गेली आणि ताप फणफणून चढला. मास्तरांचे डोळे तारवटले, ते उठून बसले आणि मोठमोठ्यानं, भराभर, कोणालाही कळणार नाही असं काहीबाही बोलू लागले. इंदिराबाईला ते कळत होतं. तापात मास्तर औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, म्हणत, मध्येच शाळा तपासणाऱ्या डेप्युटीसाहेबांची क्षमा मागत आणि पुन्हा औटकीवर येत. ही तिची नेहमीची डोकेदुखी होती. पण लोटनआबा हे पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी टोपी काढली आणि गुडघे टेकले.

"हाऊ ताप नही," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बठ्ठा गप बसा. मास्तरवर आत्मा उतरेल शे."

झुंबरबाईनं डोळे मिटून अर्थ सांगायला सुरुवात केली. प्रभू म्हणतो, लग्न धरणगावालाच व्हायला पाहिजे. प्रभू म्हणतो, दोन्हीकडचं जेवण मुलीकडच्यांनी करावं. इंदिराबाईला तेवढ्या गडबडीतही वाटलं की औटकीत एवढं काही नसतं.

चुडामणभाऊंना हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी बाह्या सावरल्या, दोन्ही हात मास्तरांच्या डोक्यावर दाबून धरले आणि तापाला निघून जाण्याचा हुकूम सोडला. आबांनी त्यांचं मनगट धरलं.

"हात काढा भाऊ. आत्माले हाकलतस का?"

"हा साधा हिवताप आहे. हात सोडा."

गुडघ्यांवर बसून दोघांची ओढाताण चालली आणि मधे मास्तरांचं डोकं इकडून तिकडे होऊ लागलं. बिचारी इंदिराबाई गोधडीचं टोक धरून उभी. ताप म्हटला तर आबा उठून जाणार, कारण मग भाषा कसली. आत्मा म्हटला तर भाऊ उठून जाणार, कारण मग आजार कसला. कसंही झालं तरी प्रमिलाचं तिसरं स्थळ मोडणार. तिला रडू आलं आणि ती सरळ रडली.

शेवटी तापानंच सगळ्यांची सुटका केली. एकांतऱ्याचा नियम असा की चढायचं तेवढं चढून झालं की घाम फुटतो. मास्तरांना दरदरून घाम आला, औटकी थांबली आणि ते घोरू लागले. भाऊ म्हणाले, पाहा, हात ठेवल्याबरोबर उतरला. आबा म्हणाले, संदेश पुरा झाला म्हणून थांबला. पुन्हा जुंपणार, तोच प्रमिला दिवसभरात पहिल्यांदा बोलली.

"आधी बाबा बोलले. मग भाऊंनी हात ठेवला. मग घाम आला. तिन्ही गोष्टी झाल्या ना?"

यात कोणालाच चूक काढता येईना. आबा म्हणाले, ठीक आहे, रविवारी दुपारी साक्षीची सभा आहे, मास्तरांनी उभं राहून सांगावं की मला भाषा मिळाली. मग मुलगी आमची. भाऊ म्हणाले, ठीक आहे, मास्तरांनी त्याच सभेत सांगावं की औषधाशिवाय बरा झालो. मग पुकार करतो. दोघे समाधानानं गेले. मास्तर जागे झाले तेव्हा त्यांना हे सांगण्यात आलं आणि ते सवयीनं 'बरं' म्हणाले.

मग त्यांच्या लक्षात आलं की रविवार म्हणजे तापाचा दिवस.

पुढचा हिशेब इंदिराबाईनं चुलीपाशी बसून मांडला. रविवारी ताप आला तर भाऊंचं बरं करणं खोटं ठरेल आणि पुकार होणार नाही. ताप आला नाही तर भर सभेत आबा म्हणतील, बोला आता भाषा, आणि मास्तरांच्या तोंडून ताप नसताना औटकीसुद्धा सरळ निघत नाही. बरं, ताप येऊ नये म्हणून कोयनेल घ्यावं तर घरात एक पुडी नाही.

"मला निदान रविवारी उभं तरी राहता यावं," मास्तर म्हणाले. "पुढचं पुढं." एवढं बोलून ते कुशीवर वळले. आपल्यामुळे पोरीचं काही होत नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं, पण लागून घ्यायलाही अंगात त्राण नव्हतं.

शनिवारी सकाळी प्रमिला आईला न विचारता पोस्टात गेली. खिडकीत शांतवन होता. त्यानं तिला ओळखलं आणि काही न विचारता कोयनेलच्या पुड्या पुढे सरकवल्या. तिनं त्या पदराआड घेतल्या.

"घरी सांगू नका," ती म्हणाली. "आबांना कळलं तर..."

"इथं येणारा प्रत्येक जण हेच सांगतो," शांतवन म्हणाला, आणि तिच्या मागच्या माणसाला पोस्टकार्ड देऊ लागला.

घरी येईपर्यंत प्रमिला त्या वाक्याचा विचार करत होती. तिनं ते कोणाला सांगितलं नाही. न बोलण्याचा तिचाही स्वभाव होता.

रविवारी दुपारी सभा गच्च भरली. कौतिक मास्तरांवर आत्मा उतरला आणि कौतिक मास्तर बरे झाले, या दोन्ही बातम्या गावभर झाल्या होत्या. एका बाजूला भाषावाले, दुसऱ्या बाजूला हातवाले, मागच्या बाकावर कोणाचेच नसलेले लोक. मास्तर उभे राहिले. ताप आला नव्हता. कान मात्र गुणगुणत होते आणि तोंड कडू झालं होतं. समोर आबा झुंबरबाईला घेऊन तयारीत बसले होते. बाजूला भाऊ हात मांडीवर ठेवून बसले होते. मास्तरांनी मनातल्या मनात दोन साक्षी जुळवून पाहिल्या, त्या जुळेनात. मग त्यांना त्या सगळ्याचाच एकदम कंटाळा आला.

"माझ्या बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "मी कोयनेल घेतो. दोन महिने घेतो आहे. शुक्रवारी पुड्या संपल्या होत्या म्हणून ताप चढला. त्यात काय बोललो ते मला आठवत नाही. काल कोयनेल घेतलं, आज सकाळी घेतलं, म्हणून उभा आहे. कोणाला कोणतं दान मिळालं ते देवाला माहीत. मी फार थकलोय. माझ्या मुलीचा यात काही दोष नाही."

इंदिराबाईनं डोळ्यांना पदर लावला. संपलं, तिला वाटलं.

"कोयनेल," चुडामणभाऊ हळूहळू उठत म्हणाले. त्यांचा आवाज न्यायाला बसल्यासारखा झाला होता. "विश्वासी माणसाच्या घरात कोयनेल. आणलं कुठून?"

"पोस्टातून," मास्तर म्हणाले.

तो शब्द ऐकला आणि सभेतली माणसं एकेक करून वळली. मास्तरांकडे कोणी पाहिलं नाही. भाषावाल्यांनी आणि हातवाल्यांनी, बाक न बाकानं, मागे वळून शांतवनकडे पाहिलं. तो शेवटच्या बाकावर गीतांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. लोटनआबांनी पोराकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. झुंबरबाई नवऱ्याकडे पाहत होती. चुडामणभाऊंचं तोंड जे उघडं राहिलं होतं ते त्यांनी मिटलं.

शांतवननं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि पुस्तकाचं पान उलटलं.

"मला वाटतं," भाऊ घसा खाकरून म्हणाले, "झालं ते झालं. मास्तर खरं बोलले. पुकार आजच करून टाकू."

"आजच करी टाका," आबा लगेच म्हणाले. "लगीन धुळालेच व्हऊ द्या. जेवणनं आम्ही पाहसूत."

झुंबरबाईला आठवलं की प्रभूनं धरणगाव म्हटलं होतं, पण नवऱ्याचा चेहरा पाहून ती गप्प राहिली. भाऊंनी दोन्ही नावं पुकारली, कोणाची हरकत आहे का विचारलं आणि कोणाला श्वास घ्यायलाही वेळ न देता प्रार्थना सुरू केली. शेवटी आबांनी मोठ्यानं 'आमेन' म्हटलं. हातवाल्यांच्या प्रार्थनेला भाषावाल्यानं म्हटलेलं ते पहिलं 'आमेन'. मास्तरांच्या हे लक्षात आलं नाही. ते खाली बसले होते आणि त्यांना झोप लागली होती.

लग्न झालं. प्रमिलानं शांतवनला एकदा विचारलं, खिडकीवर कोण कोण येत होतं? तो म्हणाला, पोस्टाचं घरी बोलायचं नसतं. तिनं पुन्हा विचारलं नाही. आपल्या नवऱ्याला दान कोणतं मिळालं आहे हे तिला समजलं होतं, आणि अख्ख्या मंडळीत ते दुसऱ्या कोणाला मिळालेलं नव्हतं.

मास्तर हळूहळू खडखडीत बरे झाले. पण पोस्टात पाहाल तर त्यांच्याइतका आजारी माणूस उभ्या खानदेशात नव्हता. पुढची कित्येक वर्षं कधी शिंपीआळीतून, कधी थेट धरणगावाहून, माणूस खिडकीशी यायचा, इकडेतिकडे पाहायचा आणि वाकून सांगायचा, "कोयनेल द्या. कौतिक मास्तरांसाठी पाहिजे."