सहीपुरता मर्ल

लोकांचे टॅक्स भरून देणाऱ्या आर्लिस टॉफ्टेने मर्ल ओपडाल आणि त्याची बायको डार्लीन यांचं एकत्र टॅक्स रिटर्न तयार केलं होतं. आता फक्त सही राहिली होती. अर्थात 'फक्त सही' हे शब्द आर्लिससमोर उच्चारायची मिनेसोटातल्या त्या गावात कुणाची छाती नव्हती. नवरा-बायको दोघांच्या सहीचा फॉर्म हातात पडल्याशिवाय रिटर्न कॉम्प्युटरवरून पाठवायचं नाही, हा सरकारचा नियम. सरकारलाही त्याचं एवढं कौतुक नसेल, जेवढं आर्लिसला होतं.

मर्ल आणि डार्लीन हिवाळाभर दूर, उबदार ॲरिझोनात मोटारघरात मुक्काम ठोकून असत. मुदत चार दिवसांवर आली तेव्हा आर्लिसने फोन लावला.

"तूच ठोक ना माझी सही," मर्ल म्हणाला. "इतकी वर्षं बघतेयस. माझ्यापेक्षा बरी येईल तुला."

"आणि मी तुरुंगात गेले तर भेटायला येशील?"

"थंडी संपली की येईन."

सुदैवाने आर्लिसने यंदा एक आधुनिक सोय विकत घेतली होती. फोनवर काही प्रश्न येतात, माणूस उत्तरं देतो, ओळख पटते आणि बोटाने सही होते. जाहिरातीतले आजोबा हे सगळं करताना चक्क हसत होते.

डार्लीनची ओळख कॉफी ढवळता ढवळता पटली. मर्लची पाळी आली.

"यातल्या कुठल्या पत्त्याशी तुमचा संबंध होता?" त्याने मोठ्याने वाचलं. "एल्म स्ट्रीट!"

"तिथे मी राहत होते," डार्लीन म्हणाली. "तू नुसता येऊन बसायचास."

"मग संबंध होताच की!"

पुढचा प्रश्न गाडीचा होता. मर्लने निळी फोर्ड निवडली.

"ती तुझ्या भावाची होती."

"धुवायचा कोण? मी!"

फोनला हा युक्तिवाद पटला नाही. आणखी एका चुकीनंतर त्याने जाहीर केलं, की हा गृहस्थ मर्ल ओपडाल असल्याची खात्री देता येत नाही. आता पेनाने सही करून फोटो पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पहिल्या फोटोत मर्लचा अंगठा अतिशय स्पष्ट आला होता. सही त्याच्याखाली होती. दुसऱ्या फोटोत सह्या झकास होत्या, फक्त नवऱ्याच्या जागी बायकोची आणि बायकोच्या जागी नवऱ्याची. तिसऱ्यात तारीखच नव्हती. चौथ्यात मर्लने तारीख म्हणून जन्मतारीख घातली. म्हणजे यंदाच्या रिटर्नला त्याने १९५१ साली, पाळण्यातूनच मंजुरी दिली होती.

डार्लीनने फोन हिसकावून घेतला. "आर्लिस, घटस्फोटाला तरी एवढ्या सह्या लागतात का गं?"

"नाही. त्याला कमी लागतात."

"बरं झालं सांगितलंस."

शेवटच्या दिवशी निर्दोष फॉर्म आला. आर्लिसने तो दोनदा तपासला, खुर्ची पुढे ओढली आणि बटण दाबलं. थोड्याच वेळात उत्तर आलं: नामंजूर. या माणसाचं रिटर्न आधीच भरलेलं आहे.

आर्लिसने ताबडतोब फोन लावला. "मर्ल, घाबरू नकोस. तुझी ओळख कुणीतरी चोरलीय!"

"कमाल आहे. मला मेली पटवता येईना, आणि चोराला बरी पटवता आली?"

मागून डार्लीन शांतपणे म्हणाली, "चोर कसला? परवा इथल्या हॉलमध्ये फुकट टॅक्स भरून देणारे आले होते. टेबलासमोर बसलो, लायसन्स दाखवलं, सह्या केल्या, बिस्किटं खाल्ली, आलो."

"मग मला आज फॉर्म कशाला पाठवलात?"

"तू रोज मागत होतीस. एवढी हौस आहे म्हटल्यावर मन मोडवेना."

मर्लने मध्येच तोंड घातलं. "फक्त शेताचं मिळालेलं भाडं त्यांना सांगायचं राहिलं. तेवढं तू घाल ना."

म्हणजे दुरुस्तीचं रिटर्न. म्हणजे नवा फॉर्म आणि नव्या सह्या. "घरी परत आलात की या," आर्लिस म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत सही होईल. फोन नको, फोटो नको."

मे महिन्यात दोघं ऑफिसात हजर झाली. डार्लीनने सही केली, तारीखही बिनचूक घातली. आर्लिसने फॉर्म मर्लपुढे सरकवला, सहीच्या रेघेवर बोट ठेवलं आणि स्वतः पेनाचं टोपण काढून दिलं.

मर्लने पेन खाली ठेवलं आणि खिशातून चष्मा काढला.

"आता काय?" आर्लिसने विचारलं.

"इथं बारीक अक्षरात लिहिलंय, 'हे रिटर्न मी स्वतः तपासलं आहे.' मी तर कधीच तपासलं नाही."

"कुणीच तपासत नाही, मर्ल!" आर्लिसच्या तोंडून निघून गेलं.

मर्लने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आर्लिस, नियम म्हणजे नियम. आण ते रिटर्न इकडे."

आणि त्याने खुर्ची पुढे ओढून पहिल्या पानावरचं स्वतःचं नाव मोठ्याने वाचायला सुरुवात केली.