गुलाबी खणातली बरणी

त्या वर्षी एका चर्चमधला राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, साडेतीन आठवडे चालला. मात्र असं काहीही घडलेलं नाही, असा ठराव पॅरिश कौन्सिलने, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाने, एकमताने मंजूर केला आहे. तेव्हा आपणही ते घडलं नाही असंच धरून चालू, आणि जे घडलं नाही ते नेमकं कसं घडलं ते पाहू.

चर्चच्या सेवेकऱ्याला सगळे किल्लीमामा म्हणत. कमरेला सतरा किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळे मामा दिसायच्या आधी ऐकू येत. घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं आणि फादरांचे मिस्साचे, म्हणजे उपासनेचे, झगे सांभाळणं ही त्यांची कामं. वेदीमागच्या खोलीत झग्यांचं मोठं कपाट होतं, त्याला पाच खण. हिरवा खण सामान्यकाळाचा, वर्षातला बराच काळ तोच उघडायचा, त्यामुळे त्याची कडी गुळगुळीत झाली होती. जांभळा नाताळाआधीच्या आगमनकाळाचा आणि उपवासकाळाचा. पांढरा नाताळचा आणि ईस्टरचा. लाल पेंटेकॉस्टच्या सणाचा आणि हुतात्म्यांचा. पाचवा गुलाबी. गुलाबी झगा वर्षात दोनच रविवारी लागतो, एक नाताळच्या आधी, एक ईस्टरच्या आधी. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस त्या खणाकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

म्हणून मामांनी त्यात कलप ठेवला होता.

कलपाला कारण होतं. साठ पूर्ण झाली की सेवेकऱ्याने किल्ल्या खाली ठेवायच्या, असा पॅरिशचा नियम होता. मामा गेली सात वर्षं पंचावन्नचे होते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्यांची खरी जन्मतारीख होती, पण ती वही लोखंडी कपाटात होती आणि त्या कपाटाची किल्ली मामांच्या कमरेला होती. घंटेचा दोर हातात नसेल तर सकाळी उठून करायचं काय, हे मामांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

धोका एकच, हेडसर. हेडसर म्हणजे कौन्सिलचे सचिव, चार वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालेले, आणि मामांच्या दुर्दैवाने लहानपणी त्यांच्याच बाकावर बसलेले. ईस्टरनंतरच्या बैठकीसाठी त्यांनी विषय नोंदवून टाकला होता: ‘विषय क्रमांक चार, सेवेकऱ्याचे वय.’

“अरे, दोस्ती दोस्तीच्या जागी,” ते मामांना म्हणाले होते, “पण नियम म्हणजे नियम.”

आता मंगळवारकडे येऊ. राखेच्या बुधवारी कपाळावर लावायची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची करतात. झावळ्यांच्या रविवारी लोक आशीर्वादित झावळ्या घरी नेतात, वर्षभर क्रुसामागे खोचून ठेवतात आणि उपवासकाळ आला की परत आणून देतात. मामांनी त्या सगळ्या डब्यात जाळल्या, मामींच्या चहाच्या गाळण्याने राख गाळली आणि कॉफीच्या रिकाम्या बरणीत भरली. शेजारी दुसरी बरणी होती, तीही कॉफीचीच. तिच्यात कलपाची पावडर. बैठक जवळ येत होती आणि मुळं पांढरी दिसायला लागली होती. तेवढ्यात दार उघडलं.

“मामा, राख झाली का?” फादरांनी विचारलं.

“झाली, फादर,” म्हणत मामांनी हाताला लागली ती बरणी गुलाबी खणात कोंबली आणि गुडघ्याने खण लावला. टेबलावर राहिली ती फादरांनी उचलली.

बुधवारी सकाळी चर्च गच्च भरलं. फादरांनी बशीत चार थेंब पाणी घातलं आणि अंगठा बुडवला. आधी मामांनी फादरांच्या कपाळावर क्रूस काढला. मामांचा हात थरथरतो, त्यामुळे तो क्रूस गुणाकारासारखा आला. मग फादरांनी मामांपासून सुरुवात केली.

“तू माती आहेस आणि मातीला मिळशील,” फादर म्हणाले आणि मग हळूच, “यंदा राख छान लागतेय हो.”

“गाळणं बदललं, फादर,” मामा विनयाने म्हणाले.

चारशे कपाळं झाली.

लोक घरी गेल्यावर मामांनी दार लावलं, गुलाबी खण उघडला, बरणीतलं दोन चमचे पाण्यात कालवलं आणि जुन्या टूथब्रशने मुळापासून टोकापर्यंत डोकं माखलं. अर्धा तास थांबले. डोकं धुतलं, आरशात पाहिलं. मुळं होती तशीच पांढरी, आणि बाकीच्या केसांवरही करडी झाक आलेली. मामांनी बरणीचा वास घेतला. धुराचा होता. मग त्यांची नजर आरशात थोडी खाली सरकली, कपाळावर. तिथला क्रूस सकाळी राखाडी होता. आता तो काळाकुळकुळीत होता. आताच तर तोंडावरून भसाभस पाणी ओतलं होतं, तरी तो जागचा हलला नव्हता.

मामा मटकन स्टुलावर बसले. सतरा किल्ल्या एकदम वाजल्या.

घरी मामी कपाळावर लिंबू चोळत होत्या.

“अहो, हे निघत का नाही?”

“श्रद्धा असेल तर निघत नाही,” मामा म्हणाले.

मामींनी लिंबू खाली ठेवलं. “कलप आहे ना?”

“क... कसला कलप?”

“तीस वर्षं संसार केला तुमच्याशी. उशीची खोळ कोण धुतं? तुम्ही धुता?”

मामांनी सगळं सांगितलं. मामींनी एक हात तोंडावर घेतला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजायला लागल्या.

“अगं, बोल काहीतरी!”

“चारशे?” मामी म्हणाल्या. “बाई बाई बाई! आणि ती पावडर मला कधी दिली नाहीत ती!”

गुरुवारी फादरांचा फोन सकाळपासून वाजत होता. कुणी साबण लावला होता, कुणी टूथपेस्ट, कुणी रॉकेल. बँकेतल्या रोखपाल बाईंच्या खिडकीपुढे लोक हात जोडायला लागले होते. स्वतः फादरांचा अंगठा मुळापर्यंत काळा होता, मत देऊन आल्यासारखा, आणि तेसुद्धा पुन्हा पुन्हा. फादर घाबरले, मग विचारात पडले. रविवारी त्यांनी प्रवचनात सांगितलं, “खरा पश्चात्ताप धुऊन जात नाही.” लोकांनी माना डोलावल्या. इलाजही नव्हता.

पण त्याच रविवारी एक भलतीच गोष्ट उघड झाली. एरवी राख संध्याकाळपर्यंत पुसली जाते, त्यामुळे बुधवारी कोण आलं आणि कोण नाही याचा पत्ता लागत नाही. या वेळी चारशे काळ्या क्रुसांमध्ये साठ-सत्तर कोरी कपाळं दुरून चमकत होती. त्यातलं सगळ्यात मोठं कपाळ हेडसरांचं होतं. ते पूर्ण मिस्साभर खोकल्याचं निमित्त करून रुमाल कपाळाला लावून बसले. खोकताना रुमाल कपाळाला कोण लावतं, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

मिस्सा संपल्यावर ते मागच्या दाराने आत आले.

“मामा, थोडी राख उरलीय का रे?”

“सर, तुम्ही बुधवारी नव्हता?”

“गजर वाजला नाही. आता हे गावभर करू नकोस. लाव लवकर.”

मामा पेचात पडले. खरी राख लावली असती तर ती तासाभरात पुसली गेली असती, आणि सरांनी विचारलं असतं, माझीच का पुसली? मामांनी निमूटपणे दुसरी बरणी उघडली.

ही बातमी फक्त एकाला कळायची होती. ती एकेकाला कळली. सोमवारपासून मागच्या दाराशी टोप्या घातलेले, पदर पुढे ओढलेले, हेल्मेट न काढलेले लोक उभे राहायला लागले. ते संपतात तोवर पहिल्या चारशेंचे क्रूस फिके पडायला लागले, आणि लोक एकमेकांच्या कपाळांकडे बघून कुजबुजू लागले, “याने घासलेला दिसतोय.” मग तेही आले. ज्याचा क्रूस काळा त्याची भक्ती गाढ, असा हिशेब बसला. हेडसरांचा क्रूस गडद करून घ्यायचा नंबर दर रविवारी लागे.

कलप संपला की मामा आणत. पण सगळा कपाळांवर जाई, स्वतःच्या डोक्यासाठी चिमूटभरही उरत नसे. दुसऱ्या आठवड्यात त्यांचे कल्ले पांढरे झाले, तिसऱ्यात भांग. मामा टोपी घालायला लागले, पण चर्चमध्ये ती काढावी लागे. विषय क्रमांक चार डोक्यावर उगवत होता, रोज केसाच्या जाडीएवढा. लोक मात्र हळहळले. “बिचारे मामा! एवढा चमत्कार बघून धक्का बसला हो त्यांना. केस बघा कसे झाले.”

उपवासकाळाचा चौथा रविवार उजाडला. मामा घंटा वाजवायला गेले होते. किल्ल्यांचा जुडगा मेणबत्त्यांच्या कपाटाला लटकत राहिला होता. सात वर्षांत पहिल्यांदा.

आज गुलाबी झगा, हे फादरांना आठवलं. मामा कामात आहेत, आपणच घेऊ, असा साधा सज्जन विचार करून त्यांनी खण उघडला.

मामा परत आले तेव्हा फादर एका हातात झगा आणि दुसऱ्या हातात कागदी खोकं घेऊन उभे होते. झग्यावर जागोजागी काळी बोटं उमटली होती. खणात कंगवा, आरसा, टूथब्रश.

फादरांनी खोक्यावरचं वाचलं. “‘नैसर्गिक काळा. आठ आठवडे टिकतो.’” मग आकडेमोड करत ते पुटपुटले, “म्हणजे ईस्टर होऊन वर दहा दिवस.” मग पुढची ओळ वाचली. “‘त्वचेला लागू देऊ नये.’”

“फादर...”

“मामा, मी चारशे माणसांना ‘तू माती आहेस’ असं सांगून कलप लावला?”

“पाचशे ऐंशी, फादर. मागच्या दाराचे आणि दुबार आलेले धरून.”

“आणि मी त्यावर तीन प्रवचनं दिली!” फादरांनी खोकं मामांच्या नाकापुढे धरलं. “मी बिशपांना कळवलं! ‘लोकांत अपूर्व जागृती’ असं लिहिलं मी!”

तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं. हेडसर कपाळ पुढे करून, डोळे मिटून आत आले.

“मामा, आटप रे. आज जरा गडद लाव, मला बायबलवाचन आहे.”

कुणीच काही लावत नाही म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडले. फादर दिसले. खोकं दिसलं. शेवटी मामांचं डोकं दिसलं. सरांनी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या होत्या, उत्तर यायला वेळ लागला नाही.

“कलप!” सर गरजले. “फादर, हा माणूस बासष्ट वर्षांचा आहे! मी आजच विषय क्रमांक चार...”

“सर,” फादर शांतपणे म्हणाले, “आजची तुमची कितवी वेळ?”

सर खिशात रुमाल शोधायला लागले.

“चौथी,” मामा मदतीला धावले. “बुधवारचा गजर वाजला नव्हता ना, म्हणून.”

बाहेर लोक खोकायला लागले होते. मिस्साची वेळ टळून गेली होती.

“हे बाहेर सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल,” फादर म्हणाले. “मामांनी काय केलं, मी काय लावलं, आणि मागच्या दाराने कोण कोण आलं. यादी आहे का, मामा?”

“नावानिशी, फादर.”

हेडसरांनी घाम पुसला. क्रूस होता तिथेच राहिला. “फादर, माझी जरा गल्लत झाली. मामा पंचावन्नचाच आहे.”

“नक्की? तुम्ही एका बाकावर होता ना?”

“हो.”

“मग तुमचं वय?”

“पंचावन्न.”

“आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली.”

“एक्कावन्नाव्या वर्षी झालो, फादर,” सर जमिनीकडे बघत म्हणाले. “प्रकृतीमुळे.”

मग मिस्सा झाली. झगा फादरांनी उलटा घातला होता. त्याच संध्याकाळी कौन्सिलची तातडीची बैठक भरली, सर्व सभासद काळ्या कपाळांनी हजर होते. विषय क्रमांक चार मांडणाऱ्याने मागे घेतला. राखेचा बुधवार झालाच नाही हा ठराव पास झाला. मामांनी किल्ल्या वाजवून अनुमोदन दिलं. आणि हेडसरांनी आपल्या वळणदार अक्षरात बिशपांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, ते असं:

‘महोदय, चालू वर्षीचा राखेचा बुधवार काही तांत्रिक कारणास्तव झालेला नाही. सबब, ज्याची सुरुवातच झाली नाही असा उपवासकाळ, आणि तो ज्यात येतो ते संपूर्ण वर्ष, चर्चच्या दिनदर्शिकेतून वगळण्यात यावे. सदर वर्ष झालेच नसल्याने या पॅरिशमधील कोणाचेही वय वाढलेले नाही, विशेषतः सेवेकरी व सचिव यांचे, याची नोंद व्हावी. तसेच बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचे कपाट गंजल्यामुळे उघडत नाही, तरी ते यापुढे कोणीही उघडू नये असा लेखी आदेश मिळावा; आणि एक गुलाबी झगा, शक्यतो काळ्या रंगाचा, पाठवण्यात यावा, ही नम्र विनंती.’