चोवीस कोअर आणि पंचवीस मिनिटं पाणी

सलिल आगाशेच्या घरचा कॉम्प्युटर चालू व्हायला कुकरच्या तीन शिट्ट्या लागत. हे मोजमाप त्याच्या बायकोचं, देवयानीचं. ती घरी बसून लोकांच्या स्वयंपाकघरांची डिझाइनं काढायची. आधी मशीनचं बटण दाबायचं, मग भात लावायचा, तिसऱ्या शिट्टीला ड्रॉइंग उघडलं की गॅस बंद करून कामाला बसायचं, असा तिचा शिरस्ता. नवीन मशीनचा विषय काढला की सलिल म्हणे, "आत्ता घेणारा वेडा! पुढचा प्रोसेसर येऊ दे, मग बघ." असे सहा पाडवे गेले.

खरी गोष्ट अशी, की सलिलला प्रोसेसरपेक्षा येणाऱ्या प्रोसेसरच्या अफवा जास्त प्रिय. कंपनीच्या इंजिनियरांना ठाऊक नसेल ते मानपाड्यातल्या या गृहस्थाला सहा महिने आधी कळलेलं असे. पण या वेळी देवयानीने निक्षून सांगितलं, "कालच्या बाई म्हणाल्या, तुमचं ड्रॉइंग येईपर्यंत आमचं किचन बांधून होईल. काम गेलं माझं! परवा पाडवा आहे. मशीन आलं नाही, तर मी हा धंदाच बंद करते."

सलिल हबकला. रविवारी सकाळी उठल्या उठल्या त्याने आपल्या कॉम्प्युटरवेड्या मित्रांना लिहिलं, 'पक्की खबर! नव्या मशीनच्या प्रोसेसरला चोवीस कोअर येतायत. भयंकर तापणार. पंख्याने भागणार नाही, पाणी लागणारच. आपण तर पाडव्याला बुक करणार!' आणि घाईघाईत ते पाठवलं सोसायटीच्या ग्रुपवर.

सोसायटीचं नाव गंगासागर. पाणी यायचं सकाळी पंचवीस मिनिटं. अशा ठिकाणी ही बातमी काय करणार ते सांगायला नको. दहा मिनिटांत सेक्रेटरी महेंद्र भोईर दारात हजर. मागे तळमजल्यावरच्या हौसाबाई, हातात रिकामी कळशी घेऊन.

"आगाशे, ते मशीनचं वाचलं मी आत्ता. किती लिटर पाणी लागणार?"

'अहो, कपभर पाणी कारखान्यातच भरून सीलबंद करतात, नळाशी त्याचा संबंध नाही,' एवढं एक वाक्य बोलला असता तर प्रकरण उंबऱ्यावरच मिटलं असतं. पण न आलेल्या प्रोसेसरबद्दल सरळ उत्तर देणं सलिलच्या रक्तातच नव्हतं. तो चष्मा पुसत म्हणाला, "तसं ठाम नाही सांगता येणार. त्याबद्दल दोन मतं आहेत."

"दोन मतं म्हंजी किती हंडे?" हौसाबाईंनी विचारलं.

"कंपनी अजून काही बोललेली नाही. पण मागच्यापेक्षा जास्त, एवढं नक्की."

"म्हंजी मशीन पाणी पिणार, नि आमी खुळखुळा वाजवायचा?"

अकरा वाजता पार्किंगमध्ये सभा भरली. खोपटला राहणारे आणि इथला फ्लॅट भाड्याने देणारे आनंद वर्तकसुद्धा बस पकडून आले. एरवी सभेला कोरम भरत नसे, आज खुर्च्या कमी पडल्या.

"चोवीस कोअर म्हणजे चोवीस नळ घेणार काय तुम्ही?" महेंद्रने सुरुवात केली.

"छे हो! कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतले कामकरी. सगळे सारखे नसतात. आठ दणकट, सोळा साधे."

"मग साध्यांना बोअरिंगचं पाणी चालंल की," हौसाबाई म्हणाल्या.

"या अंगाने अजून कोणी विचार केलेला नाही," सलिलने प्रामाणिकपणे कबूल केलं.

आनंदराव शुद्ध मराठीत उभे राहिले. "मशीन तापणार, म्हणजे पाणीही तापणार. ते गरम पाणी आंघोळीसाठी समान वाटण्यात यावं, अशी माझी सूचना आहे."

झालं! आता गरम पाणी आधी कोणाला, यावरून तळमजला आणि चौथा मजला हमरीतुमरीवर आले. देवयानी गॅलरीतून हे ऐकत होती. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!" असं म्हणून तिने खांद्याला पिशवी अडकवली आणि खाली येऊन सरळ रिक्षा पकडली. सलिलचं लक्षही नव्हतं. तो चौथ्या मजल्याला उष्णतेचा आकडा समजावत होता.

दीड वाजता ठराव झाला. गच्चीवर दुसरी टाकी बसवायची, म्हणजे मशीनही जगेल आणि माणसंही. या टाकीवर अकरा वर्षं एकमत होत नव्हतं. आज झाडून सगळ्यांनी हात वर केले. महेंद्रचे डोळे पाणावले.

सलिल विजयी मुद्रेने घरी आला, तर टेबलावर कोरं मशीन आणि त्यासमोर देवयानी.

"दुकानदार म्हणाला, नवीन येतोय म्हणून मागचा स्वस्तात देतो. मी घेतला."

"अगं, पण याला नुसता पंखा आहे!" सलिलचा आवाज रडवेला झाला.

"हो. चांगला फिरतो."

तेवढ्यात ठरावावर सही घ्यायला महेंद्र आत आला. मशीन बघून आधी खूश झाला, मग गरगरणारा पंखा बघून पांढराफटक पडला. त्याने मागे वळून दार लावलं.

"पाणी नाही लागत याला? आगाशे, हात जोडतो. हे खाली कळलं तर टाकी गेली! टाकी बसेपर्यंत तुमचा तो प्रोसेसर अजून यायचाच आहे, असंच सांगायचं, काय?"

"अहो, पण लोक रोज विचारतील. कधी येणार म्हणून सांगू?"

"ते मी शिकवू तुम्हाला? सहा वर्षं वहिनींना सांगताय, तेच सांगा."

त्या दिवशी जेवायला उशीर झाला. पहिली शिट्टी व्हायच्या आत ड्रॉइंग उघडलं, आणि देवयानीने सवयीने गॅस बंद केला. भात दाताखाली करकर वाजत होता. सलिल तोच खात खात डाव्या हाताने ग्रुपवर लिहू लागला, 'पक्की खबर! चोवीस कोअरवाल्याच्याही पुढच्याला दुप्पट पाणी लागणार.'