नॉर्वेची रंगीत तालीम

बजेट न करता परदेशी जाणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. आमच्या बूरंगी गावात अशी माणसं बरीच आहेत आणि त्यांतला म्होरक्या नेमका माझ्याच सासुरवाडीचा आहे. माझा मेहुणा लॉर्न. धंद्याने प्लंबर. तीन वर्षांपूर्वी हा गृहस्थ तीन आठवडे कॅनडाला गेला आणि येताना बर्फावर खेळायच्या हॉकीची भलीमोठी काठी घेऊन आला. आमच्या कोरड्या विमेरा भागात बर्फ सापडतो तो फक्त बिअर गार ठेवायच्या खोक्यात. ती काठी लॉर्न आता छपरावर अडकलेले फुटबॉल खाली पाडायला वापरतो आणि वर मलाच विचारतो, "आली की नाही उपयोगाला?" अशा माणसाशी काय बोलायचं?

मी तसला नाही. मी नगरपालिकेच्या घरपट्टी विभागात पंधरा वर्षं काढली आहेत. (माझ्या हातून एकदाही चूक झालेली नाही. एकदा झाली होती, पण ती पालिकेच्या फायद्याची होती.) इतकी वर्षं एका खुर्चीत बसलं की इकडे भरपगारी लांब रजा मिळते, तशी ती मला मिळाली होती. आणि माझी बायको मेरिन हिला नॉर्वेला जायचं होतं. आत्ताचं नव्हे, अठरा वर्षांपासूनचं. लग्न झालं त्या वर्षीच्या कॅलेंडरमधलं एक चित्र, डोंगर, पाणी आणि काठावर एक लाल लाकडी घर, तिने कापून फ्रिजवर चिकटवलं होतं. आम्ही तीन फ्रिज बदलले, चित्र तेच राहिलं.

शेवटी मी म्हणालो, "जाऊ. चौघं जाऊ. नऊ आठवडे."

मेरिनने स्वयंपाकघरात मुलांसमोर मला मिठी मारली. मी तिथेच थांबलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं, पण मी पेन्सिल हातात घेतली.

बजेटची चौदा पानं झाली. विमानाचं भाडं आणि राहण्याचा खर्च वेगळा काढून चौघांना दिवसाला दोनशे दहा डॉलर. त्यात सगळं बसवलं होतं. (धाकट्या ओवेनचं आइस्क्रीमसुद्धा. दर अकरा दिवसांनी एक.)

मेरिनने पानं चाळली. "दोनशे दहात चौघांचं भागायचं नाही, रसेल."

"भागेल."

"तिकडे सॉसेज रोलला तेरा डॉलर पडतात असं तूच लिहिलंयस."

"म्हणून तर दोघांत एक धरलाय. मेरिन, मी हिशेबाचा माणूस आहे."

"तीच तर भीती आहे," ती म्हणाली.

हे मला लागलं. मग मी ठरवलं की आधी तालीम करायची. सप्टेंबरच्या शाळेच्या सुटीत एक आठवडा आपण बूरंगीतच नॉर्वेला असल्यासारखं राहायचं, आणि तिकिटं त्यानंतर काढायची. नियम सोपे होते. वस्तूचा भाव नॉर्वेचा धरायचा. बेकरीत सॉसेज रोलचे सहा डॉलर द्यायचे आणि वरचे सात बिस्किटांच्या डब्यात टाकायचे. गाडीला हात लावायचा नाही. घराला कुलूप, कारण परदेशात आपला फ्रिज कुठून येणार? (संडास अंगणात आहे, त्यामुळे तेवढी सवलत दिली.) मुक्काम तंबूत. मागच्या अंगणात कोंबड्या असल्यामुळे तंबू पुढच्या अंगणात, रस्त्याला लागून.

शेवटचा नियम, कुणालाही काही सांगायचं नाही. परदेशाचं नाव काढलं की गावातला प्रत्येक जण काहीतरी आणायला सांगतो. लॉर्नला कळलं तर तो स्वतःच बॅग भरून उभा राहील.

"बाबा, मैत्रिणी विचारतायत आपण बाहेर का झोपतो," टॅम्सिन म्हणाली. ती पंधरा वर्षांची आहे आणि तिला सगळ्याचीच लाज वाटते.

"सांग, घरगुती कारण आहे."

पहिल्या दिवशी आम्ही चौघं पाठीवर बोचकी घेऊन चालत बेकरीत गेलो. व्हिन्सकडे मी दोन सॉसेज रोल मागितले आणि मधोमध कापून घेतले. "आणि कालचा पाव उरला असेल तर तोच दे, अर्ध्या भावात." व्हिन्स बघतच राहिला. मग त्याने पाव दिला आणि पैसे घेतले नाहीत. मी मनात म्हटलं, या गावात धंदा कसा करायचा हे कुणालाच कळत नाही. पाव आम्ही पालिकेच्या दारातल्या बाकावर बसून खाल्ला, कारण तो बाक फुकट आहे आणि तिथे ऊन चांगलं येतं. वरच्या खिडकीतून माझे सहकारी पाहत होते. मी हात केला, तर सगळे पटकन खाली वाकले.

(इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. त्याच हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडच्या जून-जुलैत, पालिकेने तीन कारकुनांना घरी बसवलं होतं, आणि मी त्या आठवड्याची रजा कारण न सांगता टाकली होती.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या बेरिलबाई हॉस्किंग कुंपणापाशी आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. हातात ट्यूना मासा आणि चीज घालून भट्टीत भाजलेलं कॅसरोल, भांड्यासकट झाकलेलं.

"भांडं परत करायची घाई नाही हं," त्या म्हणाल्या आणि आवाज खाली आणून विचारलं, "किती दिवसांचं आहे रे, रसेल?"

म्हणजे बातमी फुटली होती. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "नऊ आठवडे," मी म्हणालो.

"बाप रे. आणि मुलं?"

"मुलांना होईल सवय. हाल सोसायचं हेच तर वय."

"बँकेशी बोललास?"

"बोललो ना. ते म्हणाले, रोख फार जवळ बाळगू नका."

"रोख कुठली रे बाळा तुझ्याजवळ," बेरिलबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले. मला थोडा रागच आला. माझ्या खिशात त्या वेळी एकशे चौऱ्याऐंशी डॉलर होते.

कॅसरोल मी 'स्थानिक पाहुणचार' या नव्या सदरात टाकलं. अठ्ठावन्न डॉलर वाचले. त्यानंतर गावाने आम्हाला अक्षरशः वस्तूंखाली गाडून टाकलं. भोपळ्याचं सूप आलं, लिंबांची पोती आली, जळाऊ लाकूड आलं. बुधवारी सकाळी फाटकावर लोकरीच्या स्वेटरांची मोठी पिशवी, चार गोधड्या आणि एक गादी ठेवलेली सापडली.

"बघ," मी मेरिनला म्हणालो, "नॉर्वेत थंडी असते हे गावालासुद्धा ठाऊक आहे."

"नॉर्वेला जाणाऱ्याला कुणी गादी देतं का? रसेल, मी जाऊन विचारते."

"नियम म्हणजे नियम. तोंड उघडायचं नाही."

स्वेटरांतला एक करडा, कोपराला चामड्याचं ठिगळ लावलेला, मला अगदी बेतल्यासारखा बसला. मी तो अंगातून काढलाच नाही.

गुरुवारी ओवेनच्या पायाला फोड आले म्हणून पट्ट्या आणायला औषधाच्या दुकानात गेलो. नोएलीनच्या गल्ल्यात सुटे दोन डॉलर नव्हते. काउंटरवर सोडतीच्या तिकिटांचं पुस्तक पडलं होतं, तिकीट दोन डॉलर. बूरंगीत दर आठवड्याला कशाची ना कशाची सोडत असते आणि त्यात पैसे टाकणाऱ्यांची मला कीव येते. पण दोन डॉलर सोडायचे म्हणजे काय? मी म्हणालो, "मग एक तिकीट फाड."

नोएलीन कशीनुशी झाली. "तुझ्याकडून कसं घेऊ मी?"

"का? माझे पैसे पैसे नाहीत का?"

तिने मान खाली घालून तिकीट दिलं. दोनशे सात नंबर. मी वहीत 'वाया' असं लिहून तिकीट खिशात टाकलं.

शनिवारी, तालमीच्या शेवटच्या दिवशी, सभागृहासमोरून धूर येत होता. सॉसेज भाजत होते, पावात घालून, कांदा टाकून, तीन डॉलरला एक. अर्धं गाव रांगेत उभं होतं. "बघ कसे पैसे उधळतायत," मी मेरिनला म्हणालो. "कशासाठी चाललंय हेसुद्धा विचारत नाहीत." आणि विचारावं म्हणून मीच पुढे झालो.

पुठ्ठ्याची पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'रसेल हॅलमच्या कुटुंबाला हात देऊ या.'

मी ती तीनदा वाचली. पाटीमागे हातात चिमटा घेऊन लॉर्न उभा होता, धुराने डोळे लाल झालेले. त्याच्या शेजारी गाडीच्या ट्रेलरवर त्याची पत्र्याची होडी होती. दर रविवारी तो या होडीतून तळ्यावर मासे धरायला जातो. एकदा मी ती अर्ध्या दिवसासाठी मागितली तेव्हा त्याने मला उत्तरही दिलं नव्हतं. होडीला निळी फीत बांधली होती.

"ताई," तो मेरिनला म्हणाला, "मला सांगायचंस तरी. मी काय परका आहे?"

"काय सांगायचं?"

"घर गेल्याचं. याची नोकरी गेल्याचं. मी येणार होतो, पण म्हटलं तुम्हाला आणखी कानकोंडं होईल. म्हणून होडी सोडतीत लावली."

मेरिनने माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत तिने माझ्याकडे अनेक तऱ्हांनी पाहिलं आहे, पण हे नवीन होतं. मी तोंड उघडणार तोच नोएलीनने माईक हातात घेतला. जमा झाले होते चार हजार एकशे ऐंशी डॉलर. आणि होडी लागली होती दोनशे सात नंबरला.

माझा हात खिशात गेला. तो जायला नको होता, पण दोन डॉलर दिलेले होते. मेरिनने माझ्या हातातलं तिकीट वाचलं आणि डोळे मिटून घेतले. सगळं गाव टाळ्या वाजवायला लागलं. बायका रडायला लागल्या. कुणीतरी माईक माझ्या हातात दिला.

मी खिशातून दुसरी वस्तू काढली. "ही घराची किल्ली," मी म्हणालो. "घर गेलेलं नाही. नोकरीही आहे. आम्ही नऊ आठवडे नॉर्वेला सहलीला जाणार आहोत. ही तालीम होती. बजेटची."

टाळ्या थांबल्या. तव्यावर कांदा चुरचुरत होता, तेवढाच आवाज.

"म्हणजे कालचा पाव," व्हिन्स म्हणाला.

"तो बजेटमध्येच धरला होता."

"आणि हॅरॉल्डचा स्वेटर?" बेरिलबाई हळूच म्हणाल्या. त्यांची नजर माझ्या कोपरावरच्या ठिगळावर होती. "आमचे हे गेल्यापासून तीन वर्षं मी तो कपाटातून काढला नव्हता. म्हटलं, तुला थंडी वाजत असेल."

तेव्हा मला लाज वाटली. मी विनोदाने म्हणत नाही, खरोखरची लाज वाटली. मी तिथेच स्वेटर काढला, नीट घडी केली आणि त्यांच्या हातात दिला. आत गंजीफ्रॉक होता आणि वारा बोचरा होता.

ते पैसे गावाच्या पोहण्याच्या तलावावर छप्पर घालायला द्यायचं ठरलं. चार हजारांचा निर्णय, एका मिनिटात, एका ओळीचंही बजेट न करता. मी ऐकून घेतलं. मग लॉर्नजवळ गेलो आणि तिकीट पुढे केलं.

"होडी तुझी आहे. परत घे."

लॉर्नने खिशात हात घातला. "तिकिटाचे तुझे दोन डॉलर गेले ना? हे घे." आणि माझ्या तळहातावर नाणं ठेवलं.

इथे कुठल्याही माणसाने ते परत केलं असतं. मी ते खिशात टाकलं. (पंधरा वर्षांची सवय. कुणी पैसे पुढे केले की हात आपोआप जातो.) हे गावाने पाहिलं, मुलांनी पाहिलं आणि मेरिननेही पाहिलं.

"वही," तिने हात पुढे केला. "आणि किल्ली."

घरी येऊन तिने कुलूप उघडलं, टेबलापाशी बसली आणि माझी चौदाच्या चौदा पानं पहिल्यापासून वाचून काढली. अर्ध्या तासाने पेन्सिल खाली ठेवली.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "दोनशे दहात चौघांचं भागेल."

"मी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होतो."

"मी, टॅम्सिन, ओवेन आणि लॉर्न," ती म्हणाली आणि चित्र लावलेल्या फ्रिजमधून दूध काढायला उठली.

मला वाटलं, राग आहे, उतरेल. तिकिटं आली तेव्हाही वाटलं. मे महिन्यात ते चौघं गेले. माझी रजा मंजूर झालेली होती आणि एकदा मंजूर झालेली रजा रद्द होत नाही (हा नियम मीच टाईप केला आहे), त्यामुळे मी नऊ आठवडे घरी कोंबड्यांबरोबर आहे. व्हिन्स मला सॉसेज रोल तेरा डॉलरला देतो. नॉर्वेच्या भावांचा कागद मीच त्याच्या काउंटरवर विसरलो होतो, तो त्याने भिंतीवर लावला आहे. वरचे सात डॉलर तलावाच्या छपराला जातात.

काल मेरिनचं कार्ड आलं. लाल लाकडी घराचं. मागे लिहिलं आहे, 'दोनशे दहा पुरतात. उलट रोज थोडे उरतात. उरलेल्यांतून लॉर्नने बर्फावरची घसरगाडी घेतली.'

म्हणजे माझं बजेट तंतोतंत बरोबर होतं. हे कुणाला तरी सांगावं म्हणून मी कार्ड घेऊन कुंपणापाशी गेलो. बेरिलबाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि झाकलेलं कॅसरोल घेऊन आल्या.

"भांडं परत करायची घाई नाही हं," त्या म्हणाल्या. "अजून सहा आठवडे आहेत."