दोनशे चौदा नंबरचा शेरा

"कार्डं टेबलावरून हलवा, नाहीतर यापुढे उभ्यानं जेवा," असं बायकोनं निक्षून सांगितलं. दाताच्या डॉक्टरांनी तीन दिवस उभ्यानं जेवून पाहिलं. चौथ्या दिवशी पाय बोलायला लागले. मग साडेसहाशे राक्षस, बावन्न जादूगार आणि एक पाणघोडा बुटांच्या सात खोक्यांत भरून त्यांनी दवाखान्यात नेले.

ही पत्त्यांएवढी चित्रांची कार्डं लोक खेळायला घेतात. डॉक्टर खेळत नसत, कारण एकदा नऊ वर्षांच्या भाचीनं त्यांना लागोपाठ सहा डाव हरवलं होतं. ते नुसती कार्डं जमवत, इतरांशी अदलाबदल करत, आणि एकेका कार्डाची नोंद ठेवत. नोंदीला दवाखान्यातला पेशंटचा तक्ता तर आयताच होता. वर नंबर, खाली 'स्थिती', त्याखाली 'शेरा'. नावाची भानगडच नाही. राक्षसाला आणखी काय लागतं?

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी निवृत्त मुख्याध्यापिका बाई आल्या. उजवीकडे खाली कधीमधी ठणकतं, म्हणाल्या. डॉक्टरांचा अर्धा जीव खोक्यात होता. त्यांनी आरसा आत घातला, बाहेर काढला, आणि लिहिलं: 'बत्तीसपैकी अठ्ठावीस शिल्लक. दोन सोन्याचे. बाकी उत्तम.' सगळं मिळून चार मिनिटं.

मग दार लावून त्यांनी भिंग काढलं. योगायोग असा, की बाईंचा नंबर दोनशे चौदा आणि हातात आलेलं कार्डही दोनशे चौदावं, जळका दैत्य. त्याच्यावर पंचवीस मिनिटं खपून डॉक्टरांनी दुसरा तक्ता भरला. एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाशी त्यांची फोनवरची ओळख होती. तो या दैत्याच्या बदल्यात चंदेरी पंखांचा ड्रॅगन द्यायला तयार होता. डॉक्टरांनी टेबलावरच्या तक्त्याचा घाईघाईनं फोटो काढला, पाठवला, आणि डबा उघडला.

दुपारी चारला लिफ्टवाल्याचा फोन आला.

"डॉक्टर, तुम्ही तर बॉम्बच टाकलात! बत्तीसचा संच? त्यातले अठ्ठावीस शिल्लक?"

"कसला संच?"

"आणि दोन सोन्याचे! अहो, मोडू नका तो. मी सगळाच घेतो. कुठे ठेवलाय?"

संच कुठे ठेवलाय ते डॉक्टरांना एका क्षणात उमगलं आणि त्यांच्या हातातला चहा पॅन्टवर सांडला. "तो... वापरात आहे," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला आणि बाहेर धाव घेतली.

बाहेर ताई बसत. बारा वर्षं दवाखाना त्याच सांभाळत होत्या. टेबलावर जो तक्ता दिसेल तो टाइप करून त्या नंबरच्या पेशंटला पाठवायचा, हा डॉक्टरांनीच घालून दिलेला नियम. ताई नियमाला पक्क्या.

"ताई, दोनशे चौदा पाठवलात?"

"सव्वातीनलाच."

"कुठला?"

"सविस्तर होता तो. दुसरा त्याच नंबरचा, पण एकाच ओळीचा होता, मला वाटलं कच्चा आहे. फाडून टाकला."

"वाचलात का?"

"वाचला ना. म्हटलं, डॉक्टर आज फार स्पष्ट बोलले."

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावरून पडद्यावर पाहिलं. 'चेहरा भयानक. रंग उडालेला. पाठ पिवळी पडलेली. खालचा उजवा कोपरा आतून पोखरलेला. आधीच्या मालकाने अजिबात निगा राखलेली नाही. जपून ठेवण्यात अर्थ नाही, संधी मिळताच बदलून टाकावे.'

"अहो, माणसाच्या दातांबद्दल कुणी असं लिहितं का?"

"पाठीचं वाचून मीही जरा थबकले," ताई म्हणाल्या. "पण म्हटलं, आतून दिसत असेल."

डॉक्टरांनी बाईंच्या घरी फोन लावला. त्यांच्या यजमानांनी उचलला.

"ती बाहेर गेलीय. दुसऱ्या डॉक्टरांकडे. फार रागात होती."

"अहो, फार मोठी चूक झाली. तो शेरा..."

"थांबा, आधी मला एक सांगा. आधीचा मालक म्हणजे कोण?"

"तसं काही नाही हो."

"बेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. ती मला तेच विचारत होती, मी तिला तेच विचारत होतो. मग आरशासमोर उभी राहून म्हणाली, माझ्या चेहऱ्याबद्दल तुमचं काय मत? मी म्हटलं, डॉक्टर शिकलेले आहेत. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच बाई हजर. मागे यजमान, दोन पावलं अंतर राखून. डॉक्टरांनी रात्रभर घोकलेलं माफीचं भाषण सुरू करायला तोंड उघडलं.

"बोलू नका," बाई म्हणाल्या. "काल दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले होते. तुमची तक्रार करायचीच म्हणून. त्यांनी एक्स-रे काढला. खालची उजवी दाढ आतून पोखरलेली! वरून काही म्हणजे काही दिसत नाही. ते म्हणाले, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणारा माणूस मोठाच म्हणायचा. तुमची भाषा गावंढळ आहे, पण नजर सोन्याची आहे."

डॉक्टरांना तिथंच थांबता आलं असतं. ताई तर पदराआडून 'गप्प बसा' अशा खुणा करत होत्या. पण ज्या दाढेत चार मिनिटांत आपल्याला काही दिसलं नाही, तिच्याबद्दल शाबासकी घ्यायला त्यांचं मन होईना.

"बाई, तो शेरा तुमचा नव्हता," ते खाली बघत म्हणाले. "माझ्याकडे खेळातली कार्डं आहेत. त्यातल्या एका राक्षसाचा होता."

यजमानांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"म्हणजे माझी दाढ तुम्ही पाहिलीच नाहीत."

"पाहिली. नीट नाही पाहिली."

"राक्षसाला किती वेळ दिलात?"

"पंचवीस मिनिटं."

"आणि मला?"

"चार."

बाईंनी पर्स ताईंच्या हातात दिली, चष्मा काढला आणि खुर्चीत जाऊन आडव्या झाल्या.

"राहिलेली एकवीस आज द्या. आणि राक्षसाला जे भिंग लावलंत तेच लावा. मी घड्याळ बघतेय."

डॉक्टरांनी मुकाट्यानं भिंग आणलं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात त्यांनी एकेक करून पाहिले, पुढून, मागून, कडेनं. वरच्या डाव्या बाजूला आणखी एक बारीक भोक सापडलं. बरोबर एकविसाव्या मिनिटाला बाईंनी तोंड मिटलं.

"आता शेरा लिहा," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाचत लिहा. सगळ्यांना कळू दे."

डॉक्टरांनी पेन उचललं आणि घसा साफ केला. तेवढ्यात यजमान दाराकडे सरकले.

"चेहऱ्यापासून सुरुवात करणार असाल," ते हळूच म्हणाले, "तर मी जरा बाहेर बसतो."