लिंबाजीचा अमेरिकन डिस्को

पालमच्या एका सरकारी कचेरीत लिंबाजी एकतीस वर्षं आस्थापना शाखेत बसला होता. या एकतीस वर्षांत त्याला समजलं नाही असं एकही परिपत्रक त्याच्या टेबलावरून पुढं गेलं नव्हतं. त्यामुळं नाच समजायला असा कितीसा वेळ लागतो, असं त्याचं म्हणणं होतं.

"नाच म्हंजे काय, क्रमानं हातपाय हलवणं," तो बायकोला, सुकेशनीला म्हणाला. "क्रम ध्यानात आला की काम फत्ते."

सुकेशनी गवार निवडत होती. लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि या काळात नवरा वरातीत नाचला नव्हता, गणपतीपुढं नाचायचा प्रश्न नव्हता, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतसुद्धा तो हातात यादी घेऊन पाण्याच्या टाकीशेजारी उभा राहायचा. तिनं एक शेंग मोडली आणि पुढची उचलली.

विषय निघाला होता मुलीच्या लग्नावरून. धम्मशीला नर्स होती, आणि तिचं मानवतच्या बुद्धभूषणशी जमलं होतं. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवाला, वडील सिद्धोधन गुरुजी म्हणजे तालुक्याला धाक असलेले निवृत्त मुख्याध्यापक. सगळं नीट ठरलं. फक्त गुरुजी बैठकीतून उठताना कोणाला तरी म्हणाले की, सोयरा माणूस सरळ हाय, पण लय कोरडा. फायलीशी बोलावं तसं वाटतं. ते कोणीतरी दुसऱ्या कोणाला तरी सांगितलं, आणि मानवत ते पालम असा प्रवास करून ते वाक्य चौथ्या दिवशी लिंबाजीच्या टेबलावर येऊन पडलं.

त्यात नवरदेवाची बहीण शुभदा हिनं फोन करून कळवलं की हळदीच्या दिवशी दुपारी चारला डिस्कोचा कार्यक्रम ठेवलाय. जुन्या अमेरिकन थाटाचा. आरशाचा गोळा पुण्याहून आणलाय. दोन्ही घरच्या आईवडिलांनी काहीतरी करायचंच.

धम्मशीलानं तो फोन ठेवला आणि वडिलांकडं बघून मायेनं म्हणाली, "पप्पा, तुमी नुसत्या टाळ्या वाजवा. मी सांगते त्यांना."

पोरगी वाईट बोलली नव्हती. उलट त्याला वाचवायलाच निघाली होती. पण लिंबाजीला ते गुरुजींच्या वाक्यापेक्षा जास्त लागलं. स्वतःच्या लेकीनं आपल्याला टाळ्यांच्या खात्यात जमा करावं? त्यानं त्याच संध्याकाळी मोबाईलमध्ये 'अमेरिकन डिस्को' असं शोधलं आणि जे पहिलं आलं ते कायम केलं.

ते कुठल्याशा जुन्या अमेरिकन मालिकेतलं साडेतीन मिनिटांचं चित्रण होतं. एक मिशीवाला, पोट सुटलेला इसम, पांढरी पँट, कॉलर कानापर्यंत. वर आरशाचा गोळा फिरतोय आणि खाली हा नाचतोय. लिंबाजीला इसम पाहताक्षणी आवडला, कारण त्याची अंगकाठी थेट आपल्यासारखी होती. दिसत नसलेली माणसं मात्र सारखी हसत होती. इसमानं बोट वर केलं की हसायची, कंबर हलवली की हसायची, खाली पडला तेव्हा तर हसू आवरेना.

"एवढी का हसायलेत ती?" सुकेशनीनं विचारलं.

लिंबाजीनं तिला समजावलं की ती अमेरिकेची पद्धत हाय. आपल्याकडं लोक खूश झाले की शिट्टी वाजवतात, तिकडं हसतात.

मग त्यानं कोरा ताव घेतला आणि नाचाची टिपणी तयार केली. अठ्ठावीस वेळा ते चित्रण थांबवत थांबवत पाहून त्यानं लिहिलं: एक, सदर इसम उजव्या हाताची तर्जनी आढ्याकडे करतो. दोन, तीच तर्जनी तिरकस खाली डाव्या गुडघ्याकडे आणतो. सदर कृती आठ वेळा. तीन, कमरेची हालचाल, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. असं करत करत तो सातव्या मुद्द्यावर आला. तिथं इसम दोन्ही पाय फाकवून जमिनीवर बसतो, मागं कमरेवर हात ठेवतो, तोंड वाकडं करतो आणि ओरडतो, "माय बॅक! माय बॅक!" मग कडेला उभी असलेली त्याची बायको येते आणि त्याला दोन्ही पाय धरून ओढत घेऊन जाते. कार्यक्रम समाप्त.

'माय' लिंबाजीला माहीत होतं. 'बॅक'ही माहीत होतं. कचेरीत रोज पत्रं बॅक यायची. त्यानं शांतपणे लिहिलं: सात, इसम भावनाविवश होऊन आपल्या पत्नीस परत बोलावतो. आठ, पत्नी परत येते.

"बघ," तो सुकेशनीला म्हणाला, "लोक म्हणतात डिस्को म्हंजे धिंगाणा. शेवटी किती प्रेमाचं हाय."

आपल्या माणसांना इंग्रजी कळणार नाही म्हणून त्या जागी 'परत ये, परत ये' असं मराठीत म्हणायचं ठरलं. पाय धरून ओढायला मात्र सुकेशनी तयार होईना. व्याह्यांसमोर नवऱ्याचे पाय धरून ओढायचं म्हणजे काय, लोक काय म्हणतील, हे तिनं तीन दिवस लावून धरलं. चौथ्या दिवशी लिंबाजी रुसून जेवला नाही, तेव्हा ती कबूल झाली. त्यानं तिला दोनच सूचना दिल्या. मी पडल्यावर कितीही बोलावलं तरी गाणं संपेपर्यंत जागची हलू नको. आणि एकदा पाय धरले की मधी सोडू नको.

सराव पहाटे गच्चीवर चालायचा. शेजारच्या भागुबाई शेळ्या सोडायला उठायच्या, त्यांना गच्चीवर एक माणूस आभाळाकडं बोट दाखवताना दिसायचा. पहिले दोन दिवस त्यांनी वर विमान शोधलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुकेशनीला गाठून हळूच विचारलं की साहेबांना काही दिसायलंय का, आमच्या माहितीत एक बाबा हायेत. कचेरीतही तर्जनी आपोआप वर जाऊ लागली. मोठ्या साहेबांनी बैठकीत कोणाला काही शंका आहे का विचारलं आणि लिंबाजीचा हात वर गेला. शंका तर काही नव्हती. मग त्यानं तो हात तिरका खाली डाव्या गुडघ्याकडं नेला आणि गुडघा खाजवला.

पाय फाकवायचा सराव तेवढा राहिला. दोन्ही हात खाटेवर टेकून तो अर्ध्यापर्यंत जायचा आणि उठायचा. उरलेलं अर्धं प्रत्यक्ष कार्यक्रमात आपोआप होईल, असा त्याचा हिशेब होता.

हळदीच्या दिवशी सगळे जीपनं मानवतला पोचले. मंगल कार्यालयाच्या मधोमध आरशाचा गोळा टांगला होता आणि भर दुपारी त्याचे ठिपके वऱ्हाडाच्या तोंडावरून फिरत होते. शुभदाच्या मैत्रिणी नाचल्या. नवरदेवाचे मित्र नाचले. मग शुभदानं माईकवर नवरीच्या वडिलांचं नाव घेतलं, आणि चौदा एप्रिलचा पांढरा शर्ट, पांढरी पँट घातलेला लिंबाजी मधे आला. पहिल्या रांगेत सिद्धोधन गुरुजी हाताची घडी घालून बसले होते, परीक्षेच्या हॉलमध्ये बसावं तसे. हळदीनं पिवळी झालेली धम्मशीला जमिनीकडं बघत होती.

ठेका सुरू झाला. तर्जनी वर गेली. तर्जनी खाली आली. आठ वेळा, मोजून. कोणीतरी फिसकन हसलं. लिंबाजीला हुरूप आला, कारण चित्रणातही लोक इथंच हसत होते. त्यानं कंबर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवली. हशा वाढला. नवरदेव बुद्धभूषण खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि तोंडावर हात ठेवून बघू लागला. लिंबाजीनं चेहरा अगदी गंभीर ठेवला होता, त्या मिशीवाल्या इसमानं ठेवला होता तसाच. एक गिरकी, एक उडी, आणि मुद्दा क्रमांक सात.

पाय फाकले. उरलेलं अर्धं खरंच आपोआप झालं. कमरेत काहीतरी कट्ट वाजलं, ते ठेक्यात कोणाला ऐकू आलं नाही.

लिंबाजी जमिनीवर बसला तो बसलाच. हात आपोआप मागं कमरेवर गेला, तोंड आपोआप वाकडं झालं. त्याला श्वास घेता येईना. कडेला सुकेशनी पदर खोचून तयारीत उभी होती आणि ठरल्याप्रमाणे हलत नव्हती.

"सुके," तो कसाबसा म्हणाला. "पाठ."

सुकेशनीला वाटलं, माणूस ऐनवेळी शब्द विसरला. तिनं तोंडापुढं हात धरून त्याला आठवण करून दिली. "परत ये म्हणा की. परत ये."

"पाठ गेली माझी. माझी पाठ."

आणि हे बोलता बोलता लिंबाजीला टिपणीतला मुद्दा क्रमांक सात आठवला. माझी पाठ. माय बॅक. त्या मिशीवाल्याला कोणी परत यायला नको होतं. त्या माणसाची पाठ धरली होती. आणि ती दिसत नसलेली माणसं साडेतीन मिनिटं त्यालाच हसत होती. एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच चुकीच्या अर्थाचा कागद त्याच्या हातून पुढं गेला होता, आणि तो त्याच कागदावर पाय फाकवून बसला होता. समोर तीनशे माणसं हसत होती.

गाणं संपलं. सुकेशनी आली आणि तिनं दोन्ही पाय धरले. सोड, असं तो म्हणाला. मधी सोडायचं नाही हे तिला पक्कं सांगितलेलं होतं. ज्वारीचं पोतं ओढावं तसं तिनं त्याला कार्यालयाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेलं, आणि लिंबाजी जो ओरडला तो पार रस्त्यावर ऐकू गेला असेल. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. सिद्धोधन गुरुजींनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला.

बुद्धभूषण धावत आला. "पप्पा, हे तुमी कुठं पाहिलं? आमी ऑफिसात जेवताना हाच सीन लावतो. तिकडचा लय मोठा विनोदी नट हाय तो. न हसता करायचं हेच तर अवघड असतंय, आणि तुमी हुबेहूब केलं."

लिंबाजी पाठीवर पडून वर फिरणाऱ्या आरशांकडं बघत होता. शेजारी धम्मशीला गुडघ्यावर बसली होती. हसून हसून तिच्या गालावरची हळद ओघळली होती, आणि ती आपल्या बापाकडं अशी बघत होती की जणू आजच ओळख झाली.

"विनोदीच हाय की ते," लिंबाजी म्हणाला. "मला काय ठाऊक न्हाई व्हय?"

त्यानंतर त्याच्या पाठीवर कोणाचाच विश्वास बसेना. त्याला उचलायला चौघं लागले, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरनं येऊन इंजेक्शन दिलं, पट्टा बांधला, आणि जाता जाता शुभदाकडून व्हिडिओ मागून घेतला. सिद्धोधन गुरुजी मुद्दाम त्याच्या खाटेशी येऊन बसले. शाळेत छत्तीस वर्षं आपल्याला हसायची चोरी होती, असं काहीबाही स्वतःचंच सांगत राहिले. निघताना म्हणाले, "सोयरे, माणूस वळखायला मी चुकलो." लिंबाजीनं नम्रपणे मान हलवली आणि त्या मान हलवण्यानंही कमरेतून कळ निघून तो विव्हळला. गुरुजी हसत हसत बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न लागलं. त्रिशरण-पंचशीलाला सगळे हात जोडून बसले होते आणि लिंबाजी पट्टा बांधून खांबाला टेकून ताठ उभा होता, कारण त्याला बसता येत नव्हतं. फुलं पडली, जेवणं झाली, आणि पाठवणीची वेळ आली.

धम्मशीला आईच्या गळ्यात पडून रडली. मग बापाकडं आली. लिंबाजीला कालपासून हीच धास्ती होती. लेकीला जवळ घ्यायला तो थोडासा वाकला. कमरेतून कळ गेली. "आई गं," असं म्हणून तो तसाच अर्धा वाकलेला अडकला. डोळ्यांतून खरंखुरं पाणी वाहत होतं. मागं कोणीतरी हसलं. मग सगळं वऱ्हाड हसलं. लिंबाजीला सांगायचं होतं की बाबांनो, हे खरं हाय, पोरगी चालली माझी. पण धम्मशीलानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि रडता रडता तीही हसायला लागली. बापाला दोन्ही हातांनी धरून तिनं सरळ उभं केलं.

"पप्पा, औषध घ्या येळेवर," ती त्याच्या कानात म्हणाली. तिला तेवढं कळलं होतं. नर्सच होती ती. आणि गाडीत बसून ती गेली ती हसतच गेली.

परतीच्या जीपमध्ये लिंबाजीला मागच्या सीटवर आडवं घातलं होतं, डोकं सुकेशनीच्या मांडीवर. मानवतपासून परभणीपर्यंत ती पदर डोळ्याला लावून बसली होती. परभणी मागं पडल्यावर तिनं नाक पुसलं.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "ते विनोदी हाय हे तुमाला खरंच ठाऊक व्हतं?"

लिंबाजीनं डोळे मिटले आणि संथ, एकसारखा श्वास सोडायला सुरुवात केली. झोपलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारत नसतं. हे त्याचं कचेरीतही चालायचं. पण पिंगळीच्या अलीकडं रस्त्यात एक खड्डा आला, जीप आदळली, आणि झोपलेल्या माणसानं ड्रायव्हरच्या बापाचा उद्धार केला.

"जागे हायेत की," सुकेशनी म्हणाली. "सांगा मग."

लिंबाजीनं एक डोळा उघडला.

"न्हाई," लिंबाजी म्हणाला.

सुकेशनीनं आधी तोंडात पदर कोंबला. मग तोही पुरेना. तिच्या हसण्यानं मांडी हलायला लागली, मांडीनं लिंबाजीचं डोकं हलायला लागलं आणि डोक्यानं कंबर. ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि मागं वळून काय झालं म्हणून विचारलं.

"काही न्हाई," लिंबाजी दात आवळून म्हणाला. "तू पुढं बघून चालव."